कोयत्याचा घाव आणि सेप्सिस



गळीत हंगाम सुरू झाला की कोयता लागणे, पाचटाने कापणे, पायात खोडकं घुसणे हे आपल्याला नवीन नाही. जखमेवर हळद दाबायची, फडकं बांधायचं आणि पुन्हा फडात. फार तर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं. ते घ्यायलाच हवं, पण ते फक्त धनुर्वातापुरतं. त्याच जखमेतून दुसरे जंतू शिरले तर त्याचा काही उपयोग नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

जखम असो, छातीतला कफ असो, लघवीची जळजळ असो की बाळंतपणानंतरचा जंतुदोष, शरीर जंतूंशी झुंज घेते आणि बहुतेक वेळा जिंकते. पण कधी कधी ही झुंजच हाताबाहेर जाते आणि शरीर आपल्याच मूत्रपिंडाला, फुप्फुसाला, हृदयाला, मेंदूला इजा करू लागते. यालाच सेप्सिस म्हणतात. बांधावरचं गवत पेटवावं, वारा फिरावा आणि उभा ऊस पेटावा, तशातला प्रकार. (बांध पेटवू नये, हे वेगळे सांगायला नको.)

2017 साली जगात सुमारे 4 कोटी 89 लाख लोकांना सेप्सिस झाला व 1 कोटी 10 लाख दगावले, असा शास्त्रज्ञांचा अंदाज 2020 साली प्रसिद्ध झाला. म्हणजे त्या वर्षीच्या दर पाच मृत्यूंमागे जवळजवळ एक.

ओळखायचे कसे? हुडहुडी भरून ताप येतो. पण म्हाताऱ्या माणसाचं अंग उलट गारही पडतं, म्हणून नुसत्या थर्मामीटरवर विसंबू नये. धाप लागते, मोठ्या माणसाचे श्वास मिनिटाला 22 किंवा जास्त भरले तर दुखणं साधं समजू नये. लघवी दिवसभर होत नाही. हातपाय गार, कातडीवर निळसर डाग. आणि मुख्य म्हणजे बोलणं. माणूस बरळतो, घरच्यांना ओळखत नाही, किंवा नुसता पडून राहतो. ‘दमलाय, झोपू द्या’ म्हणून रात्र काढली जाते आणि तीच महागात पडते.

तोडलेला ऊस फडात पडून राहिला की वजन आणि उतारा घटतो, हे आपण जाणतो. इथं तर तास मोजायचे असतात. शिरेतून अँटिबायोटिक, सलाईन, लागल्यास ऑक्सिजन. रक्तदाब कोसळला असेल तर औषध पहिल्या तासात जायला हवं. मेडिकलमधून दोन गोळ्या आणून वाट पाहण्याचं हे दुखणं नव्हे. 108 ला फोन करावा.

साखरेचा आजार असणाऱ्यांनी विशेष जपावं. पायाला मुंग्या-बधिरपणा असला की जखम कळतच नाही. रोज संध्याकाळी तळपाय पाहावेत, फडात बूट घालावेत. तान्ही मुलं, म्हातारी माणसं, ओल्या बाळंतिणी यांनाही धोका अधिक. घाव कसलाही असो, आधी स्वच्छ पाणी व साबणाने धुवावा. शेण-माती तर मुळीच लावू नये.

दवाखान्यातून घरी आला म्हणजे रोगी लगेच कामाला लागेल असंही नाही. कित्येकांना महिनोन् महिने अशक्तपणा, विसरभोळेपणा, झोप न लागणं असा त्रास होतो. त्याला ‘आळशी झाला’ म्हणू नये. पुन्हा जंतुदोष होण्याचा धोकाही असतो.

डॉक्टरांकडे जाताना घाव कधी लागला, शेवटची लघवी केव्हा झाली, साखर आहे का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, एवढं सांगावं आणि ‘हा सेप्सिस तर नाही ना?’ असं न लाजता विचारावं.