आप्पांचा उस्ताद

आमचे आप्पाकाका कॅप्टन म्हणून निवृत्त होऊन दांडिया बाजारातल्या वाड्यात परतले, तेव्हा आम्हां मुलांना वाटले, आता रोज रात्री लढाईच्या गोष्टी! पण आप्पांनी पदके पेटीत घालून कुलूप लावले आणि ते परसातल्या मोगऱ्यात रमले. कोणी छेडलेच तर म्हणत, "आम्ही सफरमैनावाले. लढणारे निराळे; आम्ही रस्ते केले."

१९६५चा सप्टेंबर. युद्ध सुरू होते. खिडक्यांना काळे कागद लागले होते आणि चौकात आम्ही पोरे लढाई खेळत होतो. शत्रू व्हायला कोणी तयार होईना, म्हणून धाकट्या भावाला बळेच शत्रू केले, तसा तो रडू लागला. ओटीवरून आप्पांनी सगळ्यांना जवळ बोलावले. तेवढ्या एका रात्री ते बोलले.

ते खडकीला मुंबई सॅपर्समध्ये भरती झाले १९४१ साली. जेहलमकडच्या एका मुसलमान हवालदाराने त्यांना सुरुंग हुडकायला शिकवले. सारे त्याला उस्ताद म्हणत. पालथे पडायचे, सळई तिरपी धरून माती टोचीत जायचे, आणि सळई अडली की बोटांनी माती सारायची. ब्रह्मदेशात दोघे बरोबरच होते. मग १९४७ साली देशाबरोबर फौजेचीही वाटणी झाली. माणसे वाटली, तोफा वाटल्या, मेसमधली भांडीसुद्धा वाटली. उस्तादाचे घर तिकडे, तो गेला. खडकी स्टेशनवर त्याने आपली सळई आप्पांच्या हाती ठेवली.

थोड्याच महिन्यांत आप्पा नौशेऱ्याला होते. २४ डिसेंबर १९४७ रोजी गेलेले झांगड आपल्या फौजेने १८ मार्च १९४८ला परत घेतले. ते घेणाऱ्या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर महंमद उस्मान हे वाटणीच्या वेळी हिंदुस्थानातच राहिलेले. पुढे ३ जुलैला झांगडलाच तोफगोळ्याने ते पडले. ८ एप्रिलला फौज राजौरीकडे निघाली. वाटेत सुरुंग आणि आडवी पाडलेली झाडे. कारवारकडचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे पहिल्याच दिवशी जखमी झाले, त्यांची दोन माणसे गेली. तरी रणगाड्याच्या पोटाखालून सरपटत त्यांनी वाट मोकळी केली. १२ तारखेला राजौरी हाती आली. राण्यांना परमवीरचक्र मिळाले.

आप्पा त्याच रस्त्यावर मागच्या तुकडीत, राहिलेले सुरुंग वेचीत होते. एका ठिकाणी सळई टोचणार, तो त्यांना मातीवर एक चपटा दगड दिसला.

"उस्ताद नेहमी तसा दगड ठेवी," आप्पा म्हणाले, "पावसाने खळगा पडून जागा उघडी होऊ नये म्हणून. तो सुरुंग कोणी पुरला, देव जाणे. त्याचे शागीर्द कमी का होते? पण माझा हात थांबला. हातात सळई त्याचीच."

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारले.

"काढला. मागून आपली माणसे येत होती. पुढे राजौरीत लोक आमच्या वाटेकडे डोळे लावून बसले होते. काढायलाच हवा होता. रात्री मात्र जेवण गेले नाही."

१ जानेवारी १९४९पासून युद्धबंदी झाली. आप्पांनी उस्तादाला दोन पत्रे घातली. उत्तर आले नाही. एवढे सांगून ते उठले, रडणाऱ्या धाकट्याला कडेवर घेतले आणि झोपायला गेले.

आप्पा गेल्यावर आम्ही पेटी उघडली. पदकांवर कळा आली होती; पण तळाशी फडक्यात गुंडाळलेल्या सळईवर गंजाचा ठिपकाही नव्हता. ते तिला नेमाने तेल लावीत असले पाहिजेत.

खंडेनवमीला आमच्याकडे पूर्वजांची तलवार पुजतात. तिच्याशेजारी मी ती सळई मांडतो. ही कुणाची, असे गेल्या वर्षी नातवाने विचारले. मी म्हणालो, "आप्पांच्या उस्तादाची." त्याने तिलाही झेंडूचे फूल वाहिले.