औषध स्कॅन केलं की चूक कशी पकडली जाते?

31 जानेवारी 2021 ला यवतमाळ जिल्ह्यातल्या कापसी-कोपरी गावात 12 लहान मुलांना पोलिओच्या डोसऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलांना भरती करावं लागलं. उपचारानंतर ती सावरली. अशी चूक सॉफ्टवेअर कुठे अडवू शकतं?

काही मोठ्या हॉस्पिटलमध्ये नर्स दोन बारकोड स्कॅन करते: मुलाच्या मनगटावरचा आणि औषधावरचा. मूल, औषध, डोस आणि वेळ डॉक्टरच्या नोंदीशी जुळली नाही, तर स्क्रीनवर इशारा येतो.

मुलांचा डोस मात्र वजनावर ठरतो. समजा, डॉक्टरने 150 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल लिहिलं. 5 मिलीत 125 मिलिग्रॅमचं सिरप असेल तर 6 मिली लागेल. 1 मिलीत 100 मिलिग्रॅमचे ड्रॉप्स असतील तर फक्त दीड मिली. तेच ड्रॉप्स 6 मिली दिले, तर डोस चौपट!

मी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून सांगतो: 10 किलोच्या जागी 100 टाइप झालं तर सिस्टिम वय बघून अडवू शकते. 10 चे 14 झाले, तर कदाचित नाही.

म्हणून पारोळ्याहून बाळाला धुळ्याला किंवा जळगावला हलवताना मोबाइलमध्ये तीन गोष्टी ठेवा:

• आजचं वजन, किलोमध्ये
• प्रत्येक औषधाच्या लेबलचा फोटो आणि शेवटच्या डोसची वेळ
• ॲलर्जी

काही औषधांवरचा क्यूआर कोड बॅच आणि एक्स्पायरी सांगतो. डोस तुमच्या बाळासाठी बरोबर आहे का, हे तो सांगत नाही. ते बिनधास्त विचारा: "सिस्टर, वजन किती धरलंय?"