प्रयोगासाठी माणसे मिळवताना

गेल्या दिवाळीच्या सुटीत भोपाळला बहिणीकडे जाण्याचा योग आला. भेलच्या कारखान्यापासून जवळच असलेल्या इंद्रपुरी वसाहतीत तिचे बिऱ्हाड आहे. माझी भाची नववीत शिकते. शाळेच्या विज्ञान मेळ्यासाठी तिने विषय निवडला होता : ‘गाणे ऐकत पाठांतर केल्यास लक्षात राहते का?’ वीस शब्द दोन मिनिटे वाचायचे, मग न पाहता आठवतील तितके लिहायचे, एवढाच प्रयोग. काहींनी तो गाणे लावून करायचा, काहींनी शांततेत.

माणसे मिळवण्यासाठी तिने फोनवरून ओळखीच्या सर्व गटांना एक आवाहन धाडले आणि सोबत ऑनलाइन प्रश्नपत्रिकेचा दुवा जोडला. चार दिवसांत शंभरावर उत्तरे आली. निष्कर्षही असा निघाला की, गाणे ऐकणाऱ्यांना सरासरी चार-पाच शब्द अधिक आठवले! ‘गाण्याने स्मरणशक्ती वाढते’ असा मथळा घालून तिचा तक्ताही तयार होता.

मी सहज विचारले, “गाणे कोणी ऐकायचे आणि शांतता कोणी पाळायची, हे ठरवले कोणी?”

“ज्याचे त्याने, मामा. ज्याला जे आवडेल ते.”

येथेच घोटाळा होता. उत्तरे पुन्हा चाळून पाहिली, तेव्हा गाणे निवडणारे बहुतेक तिचे शाळासोबती निघाले. शांतता निवडणाऱ्यांत वसाहतीतल्या काकू, मावश्या आणि आजोबा मंडळी. म्हणजे तुलना गाणे व शांतता यांची झालीच नव्हती. झाली होती ती पंधरा वर्षे आणि साठ वर्षे यांची. मेळा दोन आठवड्यांवर आला होता. भाचीचा चेहरा उतरला. पण ही चूक तिच्या एकटीची नव्हे. मोठमोठ्यांनी ती केली आहे, म्हणून तिचा थोडा विचार करू.

मित्रहो, भरपूर उत्तरे आली म्हणजे निष्कर्ष खरा, हा समज फार जुना आहे. अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने १९३६ साली अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. वीस लाखांहून अधिक परत आल्या. त्यांवरून त्यांनी लँडन निवडून येणार असे भाकीत केले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. पत्ते प्रामुख्याने टेलिफोनच्या व मोटारमालकांच्या याद्यांतून घेतलेले होते. मंदीच्या त्या काळात या वस्तू ज्यांच्या घरी, तो वर्ग खाऊनपिऊन सुखी. शिवाय ज्यांनी आपणहून उत्तर पाठवले, त्यांचे मत न पाठवणाऱ्यांसारखेच असेल याची खात्री काय? त्याच वेळी जॉर्ज गॅलप यांनी फारच थोड्या, परंतु काळजीपूर्वक निवडलेल्या लोकांना विचारून विजेता बरोबर सांगितला. तात्पर्य, नमुना एकांगी असेल तर तो मोठा केल्याने सुधारत नाही. तीच चूक मोठ्या आवाजात बोलू लागते.

मग स्वयंसेवकांवर प्रयोग करूच नये काय? तसेही नाही. येथे दोन प्रश्न वेगळे करावे लागतात. ‘भोपाळमधील किती लोक गाणे ऐकत अभ्यास करतात?’ या प्रश्नाचे उत्तर आपणहून आलेल्या माणसांकडून मिळणार नाही. त्यासाठी साऱ्या शहरातून नमुना निवडावा लागेल. परंतु ‘गाण्याने आठवण्यात फरक पडतो का?’ हा प्रश्न तुलनेचा आहे. आलेल्या माणसांचे दोन गट आपण चिठ्ठ्या टाकून पाडले, तर लहान-थोर, हुशार-विसराळू दोन्हीकडे साधारण सारखे विभागले जातात. मग गटांत ठळक फरक दिसला, तर त्याचे श्रेय गाण्याला देता येते. संख्याशास्त्रात यालाच यादृच्छिक वाटप म्हणतात. शब्द अवघड आहे, कृती मात्र चिठ्ठ्यांइतकी सोपी आहे.

स्वयंसेवकांच्या साहाय्याने नेटका प्रयोग कसा करावा, याचे उत्तम उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच घडले. कोल्हापुरात जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांनी २००८ साली पुण्यात फलज्योतिषाची चाचणी घेतली. संख्याशास्त्राचे प्रा. सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि स्वतः पूर्वी ज्योतिष सांगत असलेले प्रकाश घाटपांडे हे त्यांचे सहकारी. शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या आणि विशेष शाळांतील शंभर बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या कुंडल्या तयार केल्या. मग ज्योतिषांना जाहीर आवाहन केले : या कुंडल्यांवरून कोणते मूल कोणत्या गटातले ते सांगा. प्रत्येकाला चाळीस कुंडल्या दिल्या गेल्या. कोणती कुंडली कोणाची, याची गुपित नोंद विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागात ठेवलेली होती.

एक्कावन्न ज्योतिषांनी तयारी दाखवली. उत्तरे पाठवली सत्तावीस जणांनी. सर्वांत जास्त गुण चाळीसपैकी चोवीस होते आणि सर्वांची सरासरी निम्म्याहूनही कमी. म्हणजे नाणे उडवून जितके साधले असते, तितकेही साधले नाही. या चाचणीचा वृत्तांत २००९ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

या प्रयोगातून विद्यार्थ्याने तीन गोष्टी घ्याव्यात. पहिली, कसोटी व गुण देण्याची रीत आधी ठरली होती. निकाल पाहून ती बदलली नाही. दुसरी, उत्तर देणाऱ्याला खरे काय ते ठाऊक होण्याचा मार्गच ठेवला नव्हता. तिसरी, किती जण आले आणि किती मध्येच गळाले, हेही छापून सांगितले. गळालेल्यांची संख्या लपवणे म्हणजे निम्मे सत्य लपवणे होय.

आवाहनाच्या शब्दांतही काळजी हवी. भाचीने पहिल्या आवाहनात लिहिले होते, ‘गाण्याने स्मरणशक्ती वाढते का ते पाहू या!’ हे वाचल्यावर गाण्याचा शौकीन मन लावून पाठ करणार आणि बाकीचे उगाच टिचकी मारून मोकळे होणार. काय अपेक्षित आहे ते न सांगता, काय करावे लागेल, वेळ किती लागेल आणि उत्तराचे पुढे काय होईल, एवढेच सांगावे.

शेवटची बाब संमतीची. समोर माणूस नसला, केवळ पडद्यावर नाव असले, तरी तो माणूसच असतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे मुलांना संशोधनात घेताना पालकांची संमती लागते आणि समजत्या वयाच्या मुलाचा स्वतःचा होकारही लागतो. अमेरिकेत भरणाऱ्या ‘आयसेफ’ या आंतरराष्ट्रीय विज्ञान मेळ्याच्या नियमांनुसार माणसांवरील प्रयोगास, तो सुरू करण्यापूर्वीच, परीक्षण मंडळाची मान्यता घ्यावी लागते. शालेय मेळ्यात निदान एवढे तरी पाळावे : शिक्षकांना आधी प्रश्नपत्रिका दाखवावी, अनावश्यक माहिती विचारू नये, नावाऐवजी क्रमांक वापरावा आणि केव्हाही माघार घेण्याची मुभा असल्याचे स्पष्ट लिहावे.

भाचीने जुनी उत्तरे बाजूला ठेवली. त्या रात्री ती नीट जेवली नाही. पण सकाळी नवे आवाहन लिहून, शिक्षकांना दाखवून मोकळी झाली. या वेळी तिने आधी फक्त नावे मागवली. लहानांच्या बाबतीत आईवडिलांना विचारले. चाळीस नावे जमताच डब्यात चाळीस चिठ्ठ्या टाकल्या, वीस ‘गाण्या’च्या, वीस ‘शांतते’च्या. प्रत्येकाला त्याच्या चिठ्ठीप्रमाणे दुवा गेला. एकाच नावाने दोनदा उत्तर येण्याची वाटही त्यामुळे बंद झाली. तिघांनी उत्तर दिलेच नाही. तेही तिने तक्त्यावर मांडले.

दोन्ही गटांच्या सरासरीत एका शब्दाचाही फरक निघाला नाही. “मग मामा, गाण्याने काहीच होत नाही, असे लिहू?” तिने विचारले. मी म्हटले, “तसेही नाही. चाळीस माणसांत मोठा फरक दिसला नाही, इतकेच लिही. लहानसा फरक असेल, तर तो पाहायला अधिक माणसे लागतील.”

तिने नेमके तेच लिहिले. तक्त्याच्या एका कोपऱ्यात पहिल्या फसलेल्या प्रयोगाचे आकडेही तिने मांडले आणि खाली कारण दिले. मेळ्यात सर्वांत अधिक प्रश्न त्या कोपऱ्यावरच विचारले गेले, असे बहिणीने नंतर कळवले.