विश्लेषण : इलेक्ट्रॉन पाण्यासारखे वाहतात तेव्हा…

विजेच्या 'प्रवाहा'विषयी आपण सहज बोलतो. पण तांब्याच्या तारेत इलेक्ट्रॉन पाण्यासारखे वाहत नाहीत. काही अतिशुद्ध पदार्थांत मात्र ते खरोखरच द्रवासारखे वागतात, असे प्रयोगांतून दिसले आहे.

नेहमीची वीज कशी वाहते?

तारेतले इलेक्ट्रॉन अशुद्ध अणूंवर, स्फटिकातील दोषांवर आणि उष्णतेने थरथरणाऱ्या अणूंच्या जाळीवर आदळतात. प्रत्येक धडकेत त्यांचा संवेग जाळीकडे जातो. हाच विद्युतरोध. मोबाइल किंवा संगणकाची चिप तापते ती यामुळेच.

मग 'द्रव' कधी तयार होतो?

पदार्थ अतिशुद्ध असेल आणि तापमान योग्य असेल, तर इलेक्ट्रॉनांच्या आपसांतील धडका वरचढ ठरतात. त्यात एकाने गमावलेला संवेग दुसऱ्याला मिळतो, समूहाबाहेर जात नाही. पाण्याच्या रेणूंचेही असेच असते. मग नळीतल्या पाण्याप्रमाणे प्रवाह मधोमध वेगवान, काठाशी संथ होतो. अशा अरुंद वाहिनीत तापमान वाढवल्यावर रोध चक्क घटू शकतो, असे भाकीत सोव्हिएत शास्त्रज्ञ राडी गुर्झी यांनी १९६०च्या दशकात केले होते.

पुरावा काय?

२०१६ मध्ये मँचेस्टर विद्यापीठातील संशोधकांना ग्राफीनमध्ये प्रवाह काही ठिकाणी उलट फिरत असल्याच्या खुणा मिळाल्या. २०२२ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील गटाने टंग्स्टन डायटेल्युराइडच्या पातळ स्फटिकात सरळ वाहिनी आणि तिच्या बाजूला गोल कप्पे कोरले. तसाच नमुना सोन्याचा केला. सोन्यात कप्प्यांमधील प्रवाह वाहिनीच्याच दिशेने गेला; स्फटिकात मात्र तो उलटला आणि भोवरा तयार झाला. विशेष म्हणजे, हे भोवरे आपसांतील धडकांपेक्षा पृष्ठभागांवर इलेक्ट्रॉन किंचित वळल्यामुळे होत असावेत, असे या गटाचे म्हणणे. म्हणजे द्रवरूप वर्तनाला एकाहून अधिक वाटा असू शकतात.

भारतातील संशोधन?

बेंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२५ मध्ये अतिशुद्ध ग्राफीनमध्ये वीजवहन आणि उष्णतावहन यांचे धातूंतील ठरावीक नाते २००हून अधिक पटींनी मोडल्याचे दाखवले.

उपयोग कधी?

द्रवासारख्या प्रवाहात रोध कमी करता आला, तर उपकरणे कमी तापतील, वीज वाचेल. पण त्यासाठी लागणारी शुद्धता आणि बहुतेक प्रयोगांतील अतिथंड तापमान रोजच्या चिपला परवडणारे नाही. तूर्त हा द्रव प्रयोगशाळेतच वाहतो आहे.