आयझॅक फंक: गुरे, मका आणि सिनेट

आयझॅक फंकचा जन्म 1797 मध्ये केंटकीत झाला. 1824 मध्ये तो भावासह इलिनॉयच्या मॅक्लीन परगण्यात, पुढे ‘फंक्स ग्रोव्ह’ नावाने ओळखल्या गेलेल्या झाडीत येऊन राहिला. नवे वसाहतवाले घर झाडीच्या कडेलाच बांधत, कारण सरपण आणि कुंपणाचे लाकूड तिथेच मिळे. पलीकडे प्रेअरीचा माळ होता. गवत पुरुषभर उंच आणि मुळांचे जाळे इतके दाट की साध्या नांगराचा फाळ आत शिरायला मागत नसे. फंकने या गवतावर गुरे सोडली.

उन्हाळाभर गुरे माळावर चरत. हिवाळ्यात मक्याची धाटे कणसांसकट कापून त्यांच्यापुढे उघड्यावरच टाकत. गुरांच्या शेणात न पचलेले दाणे राहत; ते टिपायला मागून डुकरे सोडत. एकाच पिकावर दोन जनावरे पोसली जात आणि खत जागेवर पडे ते वेगळेच.

मका गाडीत घालून बाजारात नेणे परवडण्यासारखे नव्हते. 1850 नंतरच या भागात रेल्वे आली. म्हणून माजवलेली गुरे चालवतच शिकागोला न्यायची. वाट दोनशे किलोमीटरहून अधिक. घोडेस्वार मागेपुढे असत, पण घाई कोणी करत नसे: कळप दामटला की जनावर उतरते, आणि भाव तर वजनावरच. पूल विरळा, त्यामुळे नद्या-ओढे पाण्यात उतरूनच ओलांडावे लागत. आलेला पैसा फंक जमिनीत घाली. सरकारी जमीन तेव्हा एकरी सव्वा डॉलरला मिळे. अखेरीस त्याच्याकडे सुमारे 25,000 एकर होती.

राजकारण त्याच्यासाठी दुय्यमच होते. 1840 मध्ये तो व्हिग पक्षातर्फे राज्याच्या कनिष्ठ सभागृहात गेला, यादवी युद्धाच्या काळात रिपब्लिकन म्हणून राज्याच्याच सिनेटमध्ये. शाळा बेताचीच झालेली. फेब्रुवारी 1863 मध्ये राज्याच्या राजधानीत, स्प्रिंगफील्डला, युद्धविरोधी डेमोक्रॅट बहुमतात असताना हा पासष्टीचा शेतकरी उठला, मेजावर मूठ आपटून त्यांना देशद्रोही म्हणाला आणि हातघाईचे आव्हानही देऊन बसला. युक्तिवाद म्हणून ते भाषण सामान्यच. पण वृत्तपत्रांनी ते दूरवर पोहोचवले.

29 जानेवारी 1865 रोजी ब्लूमिंग्टन येथे तो वारला. पत्नी कॅसँड्राही त्यानंतर काही तासांतच गेली. मृत्युपत्र नव्हते, जमीन मुलांत वाटली गेली. नातू यूजीन फंक याने 1901 मध्ये बियाण्यांची कंपनी काढली. संकरित मक्याच्या प्रसारात तिचे नाव पुढे झाले.