दाखल्यावाचून कलावंत

सरकारी खजिन्यातून कलावंताला मिळणाऱ्या साहाय्याचा प्रश्न वरकरणी रकमेचा भासत असला, तरी त्याचा खरा निकाल अर्जाच्या नमुन्यातच लागलेला असतो; आणि ही गोष्ट नागपुरातून पूर्वेला वैनगंगेच्या खोऱ्यात, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या झाडीपट्टीत उतरल्यावाचून नीटशी उमगत नाही.

वृद्ध साहित्यिकांना व कलावंतांना मासिक मानधन देण्याची योजना १९५४-५५ पासून चालत आलेली आहे. दीर्घकाळ तीत राष्ट्रीय, राज्य आणि स्थानिक अशी प्रतवारी होती, आणि २०२४ पूर्वी या तीन वर्गांना अनुक्रमे ३१५०, २७०० व २२५० रुपये मिळत. तीत जातीचा उल्लेख कोठेही नव्हता, आणि म्हणूनच ती निष्पक्ष वाटे. परंतु दिवाळीनंतरच्या मंडईत रात्रभर उभ्याने खडी गंमत गाणारा शाहीर, किंवा दंडारीत नाचणारा गोंड कलावंत, आपल्या विद्येत कितीही निष्णात असला, तरी ज्या रंगमंचांवरून राष्ट्रीय कीर्ती वाटली जाते त्यांची दारे त्याच्या पूर्वजांसाठी कधी उघडलीच नव्हती; मग कीर्तीच्या विस्तारावर मानधन ठरवणे म्हणजे जुन्या बहिष्कारालाच मंजुरीचा शिक्का देणे नव्हे काय?

२०२४ मध्ये शासनाने ही प्रतवारी मोडली, सर्वांना सरसकट ५००० रुपये ठरवले आणि योजनेला राजर्षी शाहू महाराजांचे नाव दिले. हा निर्णय निःसंशय न्याय्य आहे. मात्र ज्या राजाने २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानातील रिक्त जागांपैकी निम्म्या मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या, त्याला हे पुरते ठाऊक होते की विषम समाजात केवळ समान नियमाने समता येत नाही.

आजही अर्जासोबत वयाचा व रहिवासाचा पुरावा आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि त्याखेरीज कलासेवेचे पुरावे: प्रमाणपत्रे, वर्तमानपत्रांतील कात्रणे, कार्यक्रमपत्रिका. शहरातील गायकाच्या कपाटात यांची फाईल तयार असते. खडी गंमतीत जन्मभर स्त्रीभूमिका करणाऱ्या नाच्याचा पुरावा मात्र गावाच्या स्मरणात असतो, आणि स्मरण काही दफ्तरात दाखल होत नाही.

इंग्लंडात हाच प्रश्न नसीम खान यांनी १९७६ च्या आपल्या अहवालात मांडला होता: स्थलांतरितांच्या कला भरभराटीत असूनही अनुदान देणाऱ्यांच्या दृष्टीस त्या पडतच नव्हत्या. तेथे वर्ण आडवा येई. येथे जात येते.

म्हणून निवड समितीवर दंडार आणि खडी गंमत जाणणारी माणसे असावीत, ग्रामसभेचा ठराव कलेचा पुरावा म्हणून ग्राह्य धरावा, आणि अधिकाऱ्यांनी अर्जाची वाट न पाहता मंडईच्या हंगामात स्वतः गावी जाऊन कलावंतांची नोंद करावी. नागपुरात १९८६ पासून असलेल्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रानेही या कामी हात द्यावा. आणि वाचकहो, आपल्यापैकी अनेकांची मूळ गावे झाडीतलीच आहेत. यंदा मंडईला गेलात, तर शाहिराचे प्रयोगातील छायाचित्र काढून, त्यामागे त्याचे संपूर्ण नाव, गाव व तारीख लिहून ते त्याच्या स्वाधीन करा, आणि जमल्यास त्याचा अर्जही भरून द्या.