अठरावे वर्ष पुरे झाल्यावर

अनाथ मुलांसाठी आपली मंडळी काही करीत नाहीत असे कोणी म्हणेल, तर ते खोटे ठरेल. पुण्यतिथी असो, नातवाचा वाढदिवस असो, बालगृहात जेवण देणारी, वह्या-पुस्तके वाटणारी, दिवाळीला नवे कपडे नेऊन देणारी घरे खासबागेत, शहापुरात, वडगावात पुष्कळ आहेत. हातमागांच्या जागी यंत्रमाग आले, धंद्याला बरेवाईट दिवस आले, तरी ही चाल मोडलेली नाही. मात्र आपल्या या दानधर्मात एक उणीव आहे, आणि महोत्सवी स्मरणिकेत ती बोलून दाखविली म्हणून सभासद बंधुभगिनी रागावणार नाहीत, अशी आशा आहे. आपण देतो ते लहान मुलांना. मूल अठरा वर्षांचे झाले की ते आपल्या यादीतून नाहीसे होते.

बालगृहाच्या यादीतूनही ते त्याच सुमारास जाते. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाप्रमाणे अठरा वर्षे पुरी होईपर्यंत 'बालक', पुढे प्रौढ. काल घंटा झाली की ताटावर बसणारा मुलगा आज खोली शोधतो, भाडे ठरवितो, नोकरी पाहतो. गोव्यातील एका संस्थेत वाढलेली एक मुलगी अशीच अठराव्या वर्षी बाहेर पडून पुण्यास आली, आणि तिची पहिली रात्र रेल्वे स्टेशनावर गेली. मिळेल ते काम करून ती शिकली व महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेस बसली. तेथे अडचण आली ती जातीच्या दाखल्याची. आईबापांचाच पत्ता नाही, तिने दाखला आणावयाचा कोठून? तिने मंत्रालयापर्यंत दाद मागितली, आणि २०१८ साली महाराष्ट्र शासनाने अनाथांसाठी शिक्षणात व शासकीय नोकऱ्यांत १ टक्का आरक्षण ठेवले. तिची जिद्द असामान्य खरी. पण प्रत्येक मुलाने असामान्य असावे, ही अपेक्षा आपण आपल्या घरच्या मुलाकडून करतो काय?

आता या वयात मेंदूत काय घडत असते ते पाहू. सहा वर्षांच्या मुलाचा मेंदू आकाराने प्रौढाच्या मेंदूच्या सुमारे नऊदशांश झालेला असतो. यामुळे मेंदूची वाढ बालपणीच आटोपते, असा समज फार दिवस होता. १९७९ साली शिकागोचे डॉक्टर पीटर हुटनलोकर यांनी मृतांच्या मेंदूंतील पेशींचे सांधे सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. मेंदूच्या पुढच्या भागात ते बालपणी अतोनात असतात व किशोरवयात कमी होत जातात, असे त्यांना आढळले. १९९९ साली अमेरिकेतील जे गीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी चुंबकीय यंत्राने जिवंत मुलांच्या मेंदूंची चित्रे पुन्हापुन्हा घेतली, तेव्हा हे बदल किशोरवयातही चालूच असल्याचे दिसले.

शेतकऱ्याला हे समजावून सांगावयास नको. दाट उगवलेल्या रोपांची तो विरळणी करतो. राहिलेली रोपे जोमाने वाढतात. वापरात असलेले सांधे मेंदू राखतो, न वापरलेले काढून टाकतो. शिवाय विजेच्या तारेवर वेष्टण असते तसे मेदाचे वेष्टण मज्जातंतूंवर चढत जाते आणि संदेश वेगाने धावू लागतात. हे काम मागच्या भागात आधी, कपाळामागील भागात सर्वांत शेवटी पुरे होते. पुढचा विचार करणे, मनाला आवर घालणे, खर्चाचा हिशेब ठेवणे ही कामे याच भागाची. त्याची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालते. राग, भीती व हौस यांची केंद्रे मात्र त्याआधीच जोरात आलेली असतात.

याचा अर्थ ही मुले अविचारी असतात असा नव्हे. शांतपणे बसवून विचारले तर सोळा वर्षांचा मुलगा थोरांइतका नीट विचार करतो. घाई असली, भीती असली किंवा सोबती भोवती असले की गाडी घसरते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गार्डनर व स्टाइनबर्ग यांनी संगणकावर मोटार चालविण्याचा खेळ दिला. मित्र शेजारी बसताच किशोरांनी अधिक धोके पत्करले. चोविशीपुढच्यांवर मित्रांचा तसा परिणाम झाला नाही.

लहानपणी ज्याची आबाळ झाली, त्याच्या मेंदूतील धोक्याची सूचना देणारे केंद्र बहुधा अधिक जागरूक राहते. कारखान्यात मुकादम चारचौघांत ओरडला तर घरचा मुलगा सायंकाळी आईजवळ कुरकुरतो आणि दुसऱ्या दिवशी कामावर जातो. या मुलाला मात्र तेच ओरडणे संकट वाटते; तो तेथल्या तेथे काम सोडून निघतो. आपण म्हणतो, "उपकाराची जाण नाही." जाण असते, पण सायंकाळी कुरकुर करावयास त्याला कोणी नसते.

आणि माणूस मिळाले तर फरक पडतो. रुमानियातील बुखारेस्ट येथे २००० साली सुरू झालेल्या अभ्यासात अनाथालयांतील १३६ बालके घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून निम्मी पालक-कुटुंबांत ठेवली. कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी व जिव्हाळा जोडण्याची शक्ती अधिक सुधारली, आणि जी लवकर गेली त्यांची विशेष. ती तान्ही मुले होती हे खरे; पण किशोरवयातही मेंदू पुन्हा घडत असतो, म्हणून त्या वयातील आधार फुकट जात नाही.

आपल्या कायद्यात या वयाची काही सोय आहे. संस्थेतून बाहेर पडलेल्या तरुणास एकविसाव्या वर्षापर्यंत, विशेष प्रसंगी तेविसाव्यापर्यंत, 'पश्चात देखभाल' मिळू शकते. 'मिशन वात्सल्य' योजनेच्या २०२२ च्या नियमांत त्यासाठी दरमहा ४,००० रुपये धरले आहेत. अर्ज जिल्हा बालसंरक्षण कक्षामार्फत जातो. मात्र कायद्यातील व्याख्येचे शब्द संस्थात्मक देखभाल सोडलेल्यांपुरतेच आहेत. दत्तक न घेता एखाद्या पालक-कुटुंबात ठेवलेल्या मुलाचा उल्लेख त्यात नाही. इंग्लंडात २०१४ च्या कायद्याने असे मूल, दोघांची इच्छा असल्यास, एकविसाव्या वर्षापर्यंत त्याच घरी राहू शकते व सरकार त्याला साह्य करते. आपल्याकडे असे व्हावयास हवे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

असो. पैसा सरकार देईल. खोलीच्या करारावर जामीन म्हणून सही कोण करणार? अनामत कोण भरणार? ताप आला तर पेज कोण करून देणार? आपल्या सीमाभागात आणखी एक अडचण आहे. मराठी शाळेत शिकलेल्या मुलापुढे कचेरीत कन्नड अर्ज येतो, आणि त्यात वडिलांचे नाव लिहावयाची जागा असते. तेथे शेजारी उभे राहणारा एक माणूस पुष्कळ.

हे करू इच्छिणाऱ्यांनी प्रथम संस्थेच्या अधीक्षकांना भेटावे व मूल सोळा-सतरा वर्षांचे असतानाच ओळख करून घ्यावी. निरोपाच्या दिवशी झालेली ओळख उपयोगी पडत नाही. एका घराने एकच मूल धरावे. आसरा देतो म्हणून फुकटात धुणीभांडी वा मागावरची पाळी करवून घेणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये. सहा महिन्यांनी कंटाळणाऱ्यांनीही जाऊ नये. ज्याला एकदा सोडून दिलेले आहे त्याला दुसऱ्यांदा सोडणे हे मुळीच न धरण्याहून वाईट. मूल चुकेल, पैसे उडवील, चार दिवस तोंड दाखविणार नाही. आपली मुले विशीत हेच करतात, आणि रात्री त्यांचे ताट झाकून ठेवलेले असते.

न्यासापुढे एक सूचना ठेवतो. पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात वह्यावाटपाच्या रकमेशेजारी, अठरा वर्षे पुरी झालेल्या दोन मुलांच्या खोलीच्या अनामतीची रक्कम धरावी, आणि तिच्यापुढे जामीन राहणाऱ्या दोन सभासदांची नावे लिहावीत. त्यांतील एक नाव माझे घालावे.